स्वतःची अद्भुतकादंबरी, स्वतःचे प्रकाशन

ठाण्या-डोंबिवलीतल्या लेखकाने स्वखर्चाने कादंबरी काढली, की कायद्याने तोच प्रकाशक ठरतो.

आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. छापील पुस्तक निघाल्यावर १९५४च्या कायद्यानुसार एक प्रत ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. शिवाय ठरलेल्या इतर तीन ग्रंथालयांनाही एकेक.

खरी कसोटी अक्षरजुळणीची. मराठीत बरीच जुळणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होते. ई-पुस्तकासाठी ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात. नेहमीचे शब्द मुद्रितशोधकाला लगेच खटकतात. कल्पित राजे आणि नगरे यांची नावे मात्र चुकलेलीच खरी वाटतात. म्हणून नावांची यादी आधीच करून द्यावी.

कादंबरीतल्या कल्पित जगाचा नकाशा दोन पानांवर पसरला, तर मधली नदी बांधणीत गडप होते. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांत छापले जाते, म्हणून पानांचा हिशेबही आधीच पाहावा.

ई-पुस्तकासाठी किंडल मराठी स्वीकारते. ठाण्याचे ई साहित्य प्रतिष्ठान पुस्तके विनामूल्य वाचकांपर्यंत नेते. तिथे वाचक मिळतात, मानधन नाही.