डिझेल ट्रक : वाढती शक्ती आणि इंधनाचा पुरवठा

पेट्रोल एंजिनात चालक पायाखालील पट्टीने मुख्यतः हवेचे नियंत्रण करतो. डिझेल एंजिनात हवेची वाट सहसा मोकळी असते. सिलिंडरमध्ये किती इंधन फवारले जाते यावर शक्ती ठरते. म्हणून ट्रकची ताकद वाढवू पाहणारा प्रथम इंधनाची मात्रा वाढवितो. हे वाढीव इंधन टाकीपासून एंजिनापर्यंत पोहोचणार कसे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागाहून सुचतो, आणि तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

थोडा हिशेब करू. डिझेलमधील उष्णतेपैकी सुमारे ४० टक्के भाग कामी येतो असे धरले, तर सतत २०० अश्वशक्ती मिळविण्यास तासाला सुमारे ३८ लिटर डिझेल लागते. ४०० अश्वशक्तीला त्याच्या दुप्पट. ही मागणी दोन पंप मिळून भागवितात. पुरवठा पंप टाकीतील इंधन गाळणीतून पार करून थोड्या दाबाने पुढे देतो, आणि अंतःक्षेपण पंप ते शेकडो पट अधिक दाबाने नोझलांकडे ढकलतो.

या व्यवस्थेतील उणीव कशी उघडी पडते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत डॉज रॅम ट्रकांच्या ५.९ लिटरच्या कमिन्स एंजिनावर बॉशचा व्हीपी ४४ हा अंतःक्षेपण पंप असे. त्याला वेगळे वंगण नसते. त्यातून वाहणारे डिझेलच वंगणाचे काम करते, आणि न जळता टाकीकडे परतणारा प्रवाह त्याची उष्णता वाहून नेतो. विजेवर चालणारा लहानसा पुरवठा पंप मात्र एंजिनाच्या अंगाला, टाकीपासून दूर बसविलेला होता. अनेक मालकांनी इंधनाची मात्रा वाढविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या जोडल्या. मग भरल्या गाडीने चढ चढताना पुरवठ्याचा दाब, जो साधारणतः १० ते १५ पौंड प्रति चौरस इंच असावयास हवा, तो ५ च्याही खाली उतरू लागला.

याची कारणे साधी आहेत. अरुंद जोडांतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, की तेथील दाबाची घट जवळजवळ चौपट होते. शिवाय इंधन दुरून ओढताना नळीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. अशा वेळी एखादा जोड किंचित सैल असला, तर बाहेर थेंबही न पडता आत हवा शिरते.

फसवी गोष्ट अशी की, ट्रक चालतच राहतो. नोझलांना इंधन मिळत असते, पण परतीचा प्रवाह आटतो. पंप तापतो, आतील भाग कोरडे घासू लागतात, आणि एके दिवशी गाडी रस्त्यातच बंद पडते. मालक महागडा अंतःक्षेपण पंप बदलतो. परंतु मूळ दोष पुरवठ्यात असल्याने नव्या पंपाचीही तीच गत होते.

म्हणून शक्ती वाढविण्यापूर्वी गाळणी आणि अंतःक्षेपण पंप यांच्या दरम्यान दाबमापक बसवावा. डिझेलची नळी चालकाच्या कक्षात न आणता विद्युत् संवेदक वापरणे सुरक्षित असते. एंजिन मंद फिरत असतानाचा आकडा पुरेसा नाही. पूर्ण भाराखालील दाब पाहावा. तो कमी आढळल्यास गाळणी व जोड तपासावेत, रुंद नळी घालावी, आणि मोठा पुरवठा पंप टाकीजवळ बसवावा, कारण अशा पंपाला इंधन दुरून ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे सोपे जाते. दाब भाराखाली टिकतो अशी खात्री झाल्यावरच इंधनाची मात्रा वाढवावी.