नाडी शांत झाली म्हणून गोळी थांबवू नका

रक्तदाब नॉर्मल आला, धडधड थांबली, मग आता गोळी कशाला? असे म्हणून अनेक रुग्ण परस्पर औषध बंद करतात. काही जण गावी जाताना गोळ्या घरीच विसरतात. ती गोळी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल असेल, तर हे जिवावर बेतू शकते.

भीती, राग, धावपळ यांत शरीरात ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन स्रवते. ही रसायने पेशींवर ज्या जागी चिकटून काम करतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रेमंड अहलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार सांगितले. हृदयातील बीटा रिसेप्टर ठोक्यांची गती व जोर वाढवतात. 'बीटा ब्लॉकर' ही जागा अडवून धरतो. ठोके मंदावतात, हृदयाला प्राणवायू कमी लागतो आणि छातीतील दुखणे आटोक्यात राहते. प्रोप्रॅनोलॉल शोधणारे सर जेम्स ब्लॅक १९८८ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

मात्र औषध दीर्घकाळ चालू असताना शरीर रिसेप्टरची संख्या वाढवते. गोळी एकदम थांबली, की या वाढलेल्या रिसेप्टरवर ॲड्रेनॅलिनचा मारा होतो. धडधड, रक्तदाब वाढणे, छातीत दुखणे, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येतो. म्हणून गोळी थांबवायचीच असेल, तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.

दम्याच्या रुग्णांनी विशेष जपावे. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे बीटा रिसेप्टर प्रोप्रॅनोलॉलने अडले, तर दम्याचा झटका येऊ शकतो आणि सालब्युटामॉलचा पंपही नीट काम करत नाही. काचबिंदूसाठीच्या टिमोलॉल थेंबांनीही असे घडू शकते. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड व थरथर झाकली जाते. घाम मात्र सुटतो. अचानक घाम आला, तर साखर तपासावी.

प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅम्सुलोसिन हे अल्फा ब्लॉकर आहे. त्याने रक्तदाब उतरून उठताना चक्कर येऊ शकते. रात्री लघवीला उठताना आधी थोडे बसावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी घेत असल्याचे, पूर्वी घेतली असली तरीही, नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे.

दमा, मधुमेह असल्यास चिठ्ठी लिहून घेतानाच सांगावे आणि गोळ्या संपण्याआधी पुढच्या आणून ठेवाव्यात.