गोठ्याच्या खांबाचें दुखणें

लांकूड जुनें झालें म्हणजे कुजावयाचेंच, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः लांकूड वयानें कुजत नाहीं, ओलीनें कुजतें. नॉर्वे देशांतील बोर्गुंड येथील लांकडी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर इसवी सनाच्या १२ व्या शतकाच्या अखेरचें असून आजही उभें आहे. कारण त्याचा सांगाडा दगडी पायावर टेकलेला आहे. त्याच्या आधीं त्या देशांत जमिनींत खांब पुरून उभारलेलीं मंदिरें मात्र कुजून नष्ट झालीं.

वेळणेश्वरासारख्या समुद्रकांठच्या गांवीं हा विचार अगत्याचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पागोळ्यांचे शिंतोडे, गोमूत्र आणि जमिनीची ओल हीं तिन्ही गोठ्याच्या भिंतींतील खांबांस तळाशीं सोसावीं लागतात. लांकडांतील ओल शेंकडा २० च्या खालीं राहिली, तर कुजविणारी बुरशी त्यांत वाढूं शकत नाहीं. शास्त्रग्रंथांतील स्थूणानिखननन्याय सांगतो कीं, खांब पुनःपुन्हां हालवून रोंवल्यानें दृढ होतो. सिद्धांतास तें लागू असेल. गोठ्याचा खांब मात्र न रोंवणेंच बरें.

दुरुस्ती फाल्गुन-चैत्रांत, लांकूड सुकलेलें असतां करावी. अणकुचीदार खिळा टोंचून पाहावा. तो सहज आंत शिरेल तेथपर्यंत लांकूड गेलें असें समजावें. प्रथम गुरें बाहेर बांधून तुळईस दोन्ही अंगांनीं भक्कम टेकू द्यावे. ही सावधगिरी न घेतां करवत चालविल्यास कौलांचें सारें ओझें माणसांच्या अंगावर यावयाचें. नंतर कुजक्या भागाच्या वर एक वीत निरोगी लांकडांत छेद घ्यावा. कापलेल्या टोंकांतूनच पाणी सर्वांत अधिक शोषलें जातें. म्हणून तेथें डांबर अथवा काजूच्या टरफलांचें तेल दोन-तीनदां मुरवावें. उणी पडलेली उंची जांभ्याच्या चौथऱ्यानें भरून काढावी. जांभा सच्छिद्र असल्यामुळें ओल वर चढवितो. यास्तव त्याच्या माथ्यावर काळ्या दगडाचा तळखडा बसवून त्यावर खांब टेकवावा. खांबाभोंवतीं सिमेंटचें आळें करूं नये. त्यांत पाणी सांचून राहतें.

शेवटीं बाहेरील जमिनीस उतार द्यावा, वळचण पुढें काढावी आणि मोरी मोकळी ठेवावी. ओलीची वाट न बुजवितां नुसतें नवें लांकूड घातलें, तर तेंही कांहीं पावसाळ्यांत जुन्याच्याच मार्गानें जाईल.