गाडीच्या छतावरचे अँटेना एकमेकांच्या कामात लुडबुड करतात, ती कशी थांबवतात?

समजा, तुमच्या पुढे ट्रक आहे आणि ट्रकच्या पुढे एक कार. त्या कारने करकचून ब्रेक मारला, तर ते तुम्हाला दिसणारच नाही. पण त्या कारनेच रेडिओवरून तुमच्या गाडीला कळवलं तर? याला व्ही-टू-व्ही, म्हणजे गाडी ते गाडी संपर्क म्हणतात. असे मेसेज साधारण सेकंदाला १० वेळा पाठवले जातात. ताशी ८० किमी वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, त्यामुळे ओळीने चार-पाच मेसेज हुकले तरी महागात पडू शकतं.

एक अँटेना का पुरत नाही?

ट्रक, इमारती, रस्ता यांवर आपटून लहरी वेगवेगळ्या वाटांनी येतात. एखाद्या जागी त्या एकमेकींना मारतात आणि सिग्नल गायब होतो. पण काही सेंटिमीटर बाजूला तोच सिग्नल चांगला मिळू शकतो. म्हणून दोन किंवा जास्त अँटेना बसवतात. हेच मिमो. तुमच्या ४जी फोनमध्येही हीच युक्ती असते.

मग अडचण कुठे आहे?

या संपर्कासाठी ५.९ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. त्याची तरंगलांबी साधारण ५ सेंटिमीटर. अँटेनांमध्ये निदान तिच्या निम्मं, म्हणजे अडीच सेंटिमीटर अंतर असलेलं बरं. पण छतावरच्या ‘शार्क फिन’मध्ये जीपीएस आणि ४जीचे अँटेनाही दाटीवाटीने बसलेले असतात. जवळ आले की एकाची ऊर्जा दुसऱ्यात शिरते. ती वाया तर जातेच, शिवाय दोघांना जवळपास सारखंच ऐकू येऊ लागतं. मग दुसरा अँटेना असून नसल्यासारखा!

उपाय काय?

• दिशा बदलणे: एक अँटेना उभ्या लहरींसाठी, दुसरा आडव्या लहरींसाठी. दोघांचं एकमेकांना फारसं ऐकू येत नाही.

• खाच पाडणे: दोघांच्या खालचा धातूचा पत्रा एकच असेल, तर त्यातून करंट पलीकडे सरकतो. मध्ये खाच पाडली की त्याची वाट अडते. मात्र थोडा सिग्नल मागच्या बाजूला गळू शकतो.

• उलटा सिग्नल देणे: दोघांना बारीक पट्टीने जोडून मुद्दाम उलट्या फेजचा सिग्नल पाठवतात. तो गळतीला खोडून काढतो. पण हे बहुधा फ्रिक्वेन्सीच्या अरुंद पट्ट्यातच जमतं.

जमलं की नाही, हे कसं कळतं?

एका अँटेनात सिग्नल सोडून दुसऱ्यात किती पोहोचला ते मोजतात. २० डेसिबलचा फरक असेल, तर फक्त शंभरावा हिस्सा पोहोचला. डिझाइनमध्ये साधारण १५ ते २० डेसिबलचं लक्ष्य ठेवतात.

पण टेबलावरचा हा आकडा शेवटचा नसतो. गाडीचं छत पत्र्याचं आहे की काचेचं, यावर अँटेनाचा सिग्नल कोणत्या दिशेला किती जाणार ते बदलतं. म्हणून खरी परीक्षा छतावर बसवल्यावरच होते.