पन्नास मायक्रॉनचं चिलखत

अमेरिकेतले हौशी लोक ५५ गॅलनचं, म्हणजे २०८ लिटरचं पोलादी पिंप पैदा करतात. बुडाशी हवेसाठी भोकं पाडतात, आत कोळशाची टोपली आणि वर जाळी बसवतात, की झाला घरचा स्मोकर. त्यात ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीकडचा थोराड तुकडा, बारा-बारा तास धुरावर मऊ होत राहतो. या पिंपाचं लाडकं नाव ‘अग्ली ड्रम स्मोकर’. नाव कुरूप, पण त्याच्या रंगावर मात्र यांचा जीव!

हे पिंपही साध्या घराण्यातलं नाही. १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पत्रकार नेली ब्लाय पुढे ब्रुकलिनमध्ये पोलादी भांड्यांचा कारखाना चालवायची. तिच्याकडच्या हेन्री वेरहान यांनी १९०५ मध्ये अशा पिंपाची पेटंटं घेतली. बाईंची ती प्रदक्षिणा सुमारे ४०,००० किलोमीटरची, म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याच्या २६७ खेपा. पण आज आपल्याला जे आकडे बघायचेत, त्यांच्यापुढे हा प्रवास म्हणजे कोपऱ्यावर जाऊन कोथिंबीर आणणं.

पिंपाची उंची सुमारे ८८ सेंटिमीटर, व्यास ५८. झाकण आणि बूड धरून बाहेरची कातडी भरते जेमतेम सव्वादोन चौरस मीटर. या कातडीवर उष्णतारोधक रंगाचे दोन पातळ हात मारायचे. वाळल्यावर उरणारा थर किती? साधारण ५० मायक्रॉन. असे वीस थर एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर होतो! आता हेच पिंप मनातल्या मनात ताणत न्या, पार कळसूबाईएवढं, १६४६ मीटर उंच करा. रंगाचा थरही त्याच प्रमाणात वाढू द्या. आता तरी तो जाड झाला असेल? छे! फक्त ९ सेंटिमीटर. सबंध कळसूबाईला पाच बोटांची साल!

सगळ्या पिंपावरचा वाळलेला रंग खरवडून गोळा केला तर शंभरेक मिलिलिटर भरेल. एक कटिंग चहा. एवढ्यावर हे पिंप आग, पाऊस आणि गंज अंगावर घेतं.

ओला असताना हा रंग साधारण ३०० मिलिलिटर लागतो. स्प्रेच्या डब्यातून उडणारा एकेक थेंब ४० मायक्रॉनचा धरला, तर थेंब किती होतात? सुमारे ९०० कोटी! जगातल्या प्रत्येक माणसाला एकेक वाटला तरी काही कोटी शिल्लक. आणि समजा, आठ मीटर व्यासाची, दहा मीटर पाणी असलेली आपली गावाकडची विहीर या रंगाने काठोकाठ भरली, तर? साडेसोळा लाखांहून जास्त पिंपं रंगतील. ती आडवी करून एकापुढे एक मांडत गेलात तर रांग मुंबईतून निघून दिल्लीच्याही पुढे जाईल. एका विहिरीत!

आता पेटवा. चार किलो चांगला कोळसा जळताना सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा देतो. एकही ज्यूल वाया न घालवता ती वापरता आली, तर कर्जतहून लोणावळ्यापर्यंतची साडेपाचशे मीटरची चढण २२ टन वजन चढून जाईल. रेल्वेच्या रिकाम्या डब्याचा अर्ध्याहून जास्त भाग, चार किलो कोळशावर, बोरघाट पार! आपण मात्र त्याच्यावर मांस शिजवतो, आणि मला तो वापर जास्त पटतो.

पिंपाचा पत्रा १२० अंशांना पोचला की काळा रंग दर चौरस मीटरला बाराशे वॅटच्या आसपास उष्णता फेकू लागतो. भर दुपारचं ऊन जमिनीवर टाकतं साधारण हजार वॅट. म्हणजे परसातलं हे पिंप उन्हापेक्षा जास्त तळपत असतं, फक्त ते तळपणं डोळ्यांना दिसत नाही.

तापलं की पोलाद फुगतं. शंभर अंशांनी तापलं की पिंपाचा घेर दोन मिलिमीटरने वाढतो. एवढंच? मग हाच हिशेब मुंबई-पुणे लोहमार्गाला लावा. १९२ किलोमीटरचा रूळ शंभर अंशांनी तापवला तर तो २३० मीटर लांबेल. गाडीचे जवळजवळ दहा डबे जादा उभे करता येतील! प्रत्येक वेळी पिंप तापतं, फुगतं, निवतं, आक्रसतं, आणि पन्नास मायक्रॉनच्या त्या सालीला प्रत्येक वेळी त्याच्यासोबत ताणलं जावं लागतं. साध्या ऑइल पेंटला हे झेपत नाही. तो पिवळा पडतो, फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो.

म्हणून रंगारी घाई करत नाही. पिंप अन्नाच्या मालाचंच निवडतो, आतला लेप लाकडाच्या मोठ्या जाळात जाळून टाकतो, मग पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत करतो आणि थिनरने पुसतो. त्या पुसलेल्या पत्र्यावर बोटाचा ठसा उमटला तरी तिथला रंग पुढे सुटू शकतो. हा रंग फक्त बाहेरून द्यायचा, आत एक थेंबही नाही. आतून तेलाचा हात देऊन पिंप धुरावर तापवलं की पुरे. नंतर रंग पक्का करायचा: १२० अंशांवर अर्धा तास, मग गार, २०० वर अर्धा तास, पुन्हा गार, शेवटी ३१५. डब्यावर लिहिलेलं असतं ६५० अंश. जर्मलचं पातेलं वितळतं ६६० ला. म्हणजे पातेलं ढेपाळायच्या अवघं दहा अंश आधीपर्यंत हा रंग टिकायला तयार!

याचं बळ कुठून येतं? सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीतून. ती जोडी साध्या रंगातल्या कार्बन-कार्बन जोडीपेक्षा घट्ट, एवढं रसायनशास्त्रावर विश्वास ठेवून मान्य करू आणि थेट मोजायला बसू. त्या कटिंगभर रंगात सिलिकॉनचं राळेसारखं द्रव्य ५० ग्रॅम धरू. त्यात सिलिकॉनचे अणू होतात तीनशे कोटी-कोटी-कोटी. तीनवर तेवीस शून्यं! दर अणूमागे एक रुपया मिळाला आणि तो पैसा १४० कोटी भारतीयांत सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या खात्यात केंद्र सरकारचे २०२५-२६ च्या मापाचे चार अर्थसंकल्प जमा होतील. तुमचे चार, माझे चार, परवा जन्मलेल्या बाळाचेही चार!

आता हे अणू एका साखळीत ओवू. दोन सिलिकॉनमध्ये अंतर ०.३ नॅनोमीटर. साखळीची लांबी? नऊ हजार कोटी किलोमीटर. मुंबई-पुणे साठ कोटी वेळा! सूर्य इथून पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे सहाशे वेळा सूर्य गाठून होतो. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ जवळपास पन्नास वर्षं धावून अडीच हजार कोटींच्या घरात पोचलंय. साखळीचं दुसरं टोक त्याच्या साडेतीन पट लांब! या टोकाला टॉर्च लावली तर उजेड तिथे पोचायला ८३ तास लागतील. तोवर पिंपातून सहा ब्रिस्केट निघालेली असतील, आणि सातवं निम्म्याहून जास्त झालेलं.