दोन मिनिटांच्या प्रसंगाला खर्च किती?

सोलापूरच्या सात रस्ता चौकात सकाळी उभे राहून पाहा. सात दिशांनी येणाऱ्या रिक्षा, सायकली, मोटारी आणि शाळेला निघालेली मुले यांची एकच गर्दी उसळलेली असते. आता अशी कल्पना करा की, याच चौकात चित्रपटातील एक लहानसा प्रसंग चित्रित करावयाचा आहे. सायकलवर चादरींचे गठ्ठे लादलेला एक मुलगा चौक ओलांडतो, मध्येच एक गठ्ठा सुटून पडतो आणि कोणीतरी तो उचलून देतो. पडद्यावर अवघी दोन मिनिटे. याला खर्च किती येईल?

प्रश्न गमतीचा वाटला तरी निर्मात्याच्या दृष्टीने तो जीवघेणा असतो. आकडा कमी धरला, तर पैसे संपतात आणि चित्रपट अर्ध्यावर अडकतो; जास्त धरला, तर पैसे लावणाराच मिळत नाही. दादासाहेब फाळके यांनाही ही अडचण चुकली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून एक छोटी फिल्म तयार केली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. त्या स्वतः सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत आणि कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत. हे श्रम पैशांत मांडले असते, तर त्या चित्रपटाचा खर्च कितीतरी अधिक दिसला असता!

अंदाजपत्रक करण्याची रीत तशी सोपी आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असे धरतात. प्रत्येक पानाचे आठ भाग कल्पून कोणता प्रसंग किती ‘अष्टमांश’ आहे, हे मोजतात. मग प्रत्येक प्रसंगाला लागणारी माणसे, वाहने, कपडे, दिवे यांची यादी करून संख्या गुणिले दर असा हिशेब मांडतात. हे काम करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, आता मिळतात. ‘मूव्ही मॅजिक बजेटिंग’ ही त्यांपैकी एक प्रसिद्ध आज्ञावली. गुणाकारात ती चुकत नाही, यादीतले काही विसरत नाही आणि एक दर बदलला की सारी बेरीज क्षणात नव्याने मांडते.

मग अनुभवी निर्मिती व्यवस्थापकाची गरज काय? आपल्या प्रसंगाकडेच वळू. समजा, आपण आज्ञावलीला सांगितले की रोज तीन पाने चित्रित होतात आणि दिवसाचा खर्च दीड लाख रुपये आहे. दोन पानांचा प्रसंग म्हणजे दोन तृतीयांश दिवस. ती एक लाख रुपये असे उत्तर देईल. आता सोलापूर ओळखणारा माणूस काय म्हणतो, ते ऐका. साध्या चौकात चार तोंडे असतात. प्रत्येक तोंडातून आलेले वाहन उरलेल्या तिघांपैकी कोठेही जाऊ शकते, म्हणून वाटा होतात ४ × ३ = १२. सात तोंडांच्या चौकात त्या होतात ७ × ६ = ४२! बंदोबस्ताला लागणारी माणसे आणि वेळ वाढणारच. शिवाय मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि भर दुपारी ऊन डोक्यावर आल्याने चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात. उजाडल्यापासून नऊपर्यंतचाच वेळ हाती लागतो. म्हणजे एक नव्हे, दोन सकाळी हव्यात. संक्रांतीला या, असे म्हणावे, तर तेव्हा सिद्धेश्वराची गड्डा यात्रा! पोलीस तिकडे गुंतलेले आणि लॉजमध्ये खोली मिळण्याची मारामार. पण हाच माणूस तोडही सुचवतो: चौकाजवळ एक घर भाड्याने घ्या आणि घरातले प्रसंग दुपारी उरका, म्हणजे माणसे बसून राहणार नाहीत.

यातले काहीच संगणकाला कळत नाही, असे नाही. सांगितले तर कळते. पण काय सांगायला हवे, हे आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

संपूर्ण चित्रपटाचा हिशेब केला, तर नेमकी मेख कोठे आहे, ते दिसेल. पटकथा १२० पानांची, रोज ३ पाने, म्हणजे ४० दिवस. दिवसाला दीड लाखाप्रमाणे ६० लाख. संगीत, संकलन वगैरेंचे ठरीव ४० लाख. एकूण एक कोटी. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत.) आता चहाचा दर पाच रुपयांनी चुकला, असे समजा. ६० माणसे, प्रत्येकी ४ कप, ४० दिवस. चूक ४८,००० रुपयांची. पण रोज तीनऐवजी अडीचच पाने झाली, तर? ४८ दिवस लागतील आणि खर्च १२ लाखांनी वाढेल! अडीअडचणीसाठी बहुधा दहा टक्के रक्कम बाजूला ठेवतात. ते १० लाखही पुरणार नाहीत. चहाचा दर पैशापर्यंत अचूक लिहिणाऱ्या कागदावर ‘रोज ३ पाने’ हा आकडा मात्र अदमासाने आलेला असतो. गंमत आहे ना?

अनुभवी माणसाचा अदमासही निर्दोष नसतो, बरे का! सुरळीत गेलेली कामे त्याला चांगली आठवतात, पावसात वाया गेलेले दिवस मात्र विसरायला होतात. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या मानवी सवयीला डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नावच दिले. आपण तिला ‘नियोजनभ्रम’ म्हणू. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा की, अशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, ते पाहावे. येथे संगणक उपयोगी पडतो, कारण रोजची नोंद भरलेली असली की, तो पावसाचे दिवस विसरत नाही.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. स्नेहसंमेलनातील नाटकाची पाने मोजा. एक पान बसवायला किती तालमी लागतील, याचा अंदाज प्रत्येकाने स्वतंत्रपणे चिठ्ठीवर लिहून सरांकडे द्यावा. एकाने रोज वहीत प्रत्यक्ष नोंद ठेवावी. पडदा पडल्यावर चिठ्ठ्या उघडा आणि सर्वांची सरासरी खऱ्या आकड्याच्या किती जवळ आहे, ते पाहा. सर्वांत कमी आकडा लिहिणारा विद्यार्थी पहिल्यांदाच नाटकात काम करीत होता की अनेकदा केलेला होता, हेही नोंदवायला विसरू नका.