रस्सा आधी, शेव मागून

पुण्या-मुंबईकडचे मित्र शहाद्याकडे यायला निघाले की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्याकडे जेवायला चांगलं कुठे? त्यांना हॉटेलचं नाव हवं असतं. आमच्या कळसाडीचा माणूस उलट विचारतो, येणार कधी? थंडीत येत असाल तर शेतात. दत्तजयंतीला येत असाल तर सारंगखेड्याला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येत असाल तर कोणाच्या तरी घरी. यातलं काहीच जमत नसेल तर रस्त्यावरचा ढाबा आणि शेवभाजी. ती मात्र बारा महिने मिळते.

शेवभाजी सगळ्यांनी खाल्लेली असते, होताना फार थोड्यांनी पाहिलेली असते. शहाद्याजवळच्या एका ढाब्याच्या भटारखान्यात मी सकाळपासून बसून ती पाहिली. बाहेर उसाच्या, केळीच्या, पपईच्या गाड्या चाललेल्या. आत गिऱ्हाईक एकही नाही, आणि खरं काम नेमकं त्याच वेळी चालू. आचाऱ्याला सगळे मामा म्हणत होते, म्हणून मीही मामाच म्हटलं.

मामांनी खोबऱ्याच्या वाट्या सरळ विस्तवात टाकल्या. वाटीच्या कडेला तेल सुटून ती फुरफुरत पेटते. पेटली की चिमट्याने उचलायची, फुंकर मारून विझवायची. वरून काळी, आतून तांबूस. अजून थोडी राहिली की मसाला कडू, आणि आधी काढली की रस्सा नुसता तांबडा होतो, खान्देशी काळपटपणा येत नाही. कांदे सालीसकट निखाऱ्यात. साल जळून कोळसा होते, आतला कांदा शिजून गोड होतो. मोठ्या हॉटेलांत हे परवडत नाही म्हणून कांदा उभा चिरून तेलात तळतात. चव बिघडत नाही, पण धुराचा वास जातो, आणि माझ्या मते अर्धी शेवभाजी त्या वासातच आहे.

भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या हे सगळं वाटून गोळा होतो. मग तेल. तेल बघून शहरातला माणूस दचकतो. त्यात वाटण पडलं की कढईपासून हलायचं नाही. कडेने तेल सुटू लागेपर्यंत परतत राहायचं. त्यानंतर आच कमी करून काळा मसाला आणि तिखट. काळ्या मसाल्यात धणे, जिरे, लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, तेजपान आणि मुख्य म्हणजे दगडफूल. ते दिसायला झाडाची वाळकी साल, पण वगळलं की खाणाऱ्याला लगेच कळतं काहीतरी राहिलंय. काय ते सांगता येत नाही. शेवटी पाणी, तेही आधणाचं. गार पाणी ओतलेलं मामांना अजिबात चालत नाही. तर्री बसते, म्हणाले.

तिखट कुठलं, यावर ढाब्यावर अर्धा तास वाद होऊ शकतो. नंदुरबारची बाजारपेठ राज्यातल्या मिरचीच्या मोठ्या बाजारांत मोडते. हंगामात ओली लाल मिरची गाड्या भरून येते आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत पडते. बायका दिवसभर त्या लाल पसाऱ्यात बसून देठं खुडतात, उन्हात तोंडाला फडकं बांधून. अवकाळी पाऊस आला की व्यापारी ताडपत्र्या घेऊन धावतात, तरी भिजायची ती भिजतेच. फापडा, जरेला, शंकेश्वरी, व्हीएनआर अशी नावं घेत माणसं बोलतात. कुणाला रंग हवा असतो, कुणाला झणका. मामा दोन मिरच्या मिसळतात. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

शेव मात्र अजून कुठेच नाही. ती डब्यात. बोटाएवढी नव्हे, पण पेन्सिलीच्या शिसापेक्षा जाड, लसूण-ओवा-तिखटाची, सोडा न घालता केलेली. सोड्याची शेव खुसखुशीत लागते, पण रश्श्यात पडली की पीठ होते. बिनसोड्याची कडक राहते. गिऱ्हाईक बसलं, भाकरी तव्यावर पडली, की मामा छोट्या कढईत रस्सा उकळायला ठेवतात आणि ताट उचलायच्या बेताला मूठभर शेव सोडतात. एक उकळी, वर कोथिंबीर, झालं. शेव बाहेरून मऊ आणि मध्ये अजून कडक असते तेवढ्या वेळातच ती भाजी खायची. मोबाईलवर फोटो काढत बसलेल्या पाहुण्यांना बघून मामांचा जीव वरखाली होत होता. पार्सल नेणाऱ्याला म्हणूनच रस्सा एका पिशवीत आणि शेव कागदात वेगळी मिळते. एकत्र बांधून देणारा ढाबा दिसला तर पुढच्या ढाब्यावर जावं.

सोबत भाकरी. दादर हे तापीखोऱ्याच्या काळ्या जमिनीतल्या रब्बी ज्वारीचं आमच्याकडचं नाव. तिची भाकरी पांढरी आणि चवीला गोडसर. कळण्याची मागितली तर आणखी बरं. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. त्या भाकरीला भाजी लागतच नाही. ठेचा, कच्चं तेल आणि बुक्कीने फोडलेला कांदा पुरतो. पण ढाब्यावर कळण्याची भाकरी बहुधा सांगून ठेवावी लागते.

आता एक गोष्ट, जी मित्रांना फोनवर सांगत नाही. मी बसलो होतो तोवर त्या ढाब्यावर जेवायला आलेली बाई एकही दिसली नाही. भाकऱ्या थापणाऱ्या दोघी होत्या, मागच्या बाजूला. हायवेवरचं जेवण आमच्याकडे अजूनही बरंचसं पुरुषांचं आहे. घरच्या बाईने वाटण केलं तर तो रोजचा स्वयंपाक, मामांनी केलं तर ‘काय हात आहे!’ शहाद्यात आता कुटुंबं घेऊन बसता येईल अशी हॉटेलं झाली आहेत, पण तिथे मुलांना पनीर हवं असतं. खान्देशी जेवायला बाहेर जायचं ही कल्पना पुण्यात जास्त रुजली आहे, शहाद्यात कमी.

बाया-पोरं बाहेर खातात ती जत्रेत. मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. बाहेरच्यांना ती घोड्यांच्या बाजारासाठी माहीत आहे. पंजाब, राजस्थान, गुजरातहून घोडे येतात. आमच्या घरातल्यांना ती गरम जिलेबी, भजी आणि गुळाच्या गोडशेवेसाठी माहीत. होळीआधी सातपुड्यातल्या भोंगऱ्या बाजारांतही तसंच: डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार, आणि ढोलाच्या आवाजात कढईतून निघणारी भजी. तिथे चवीची चर्चा कोणी करत नाही, उभ्या उभ्या खातात आणि पुढे जातात.

भरीत थंडीचं. शेतात तुरकाठ्यांचा किंवा कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवट-पांढरी, मोठाली वांगी टाकायची. जळगावकडच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि यावल तालुक्यातल्या बामणोदचं वांगं म्हटलं की तिकडचे लोक भावही विचारत नाहीत. आम्ही नंदुरबारकर जे मिळेल ते भाजतो. खरं काम कुटण्याचं. सोललेली वांगी आणि हिरव्या मिरच्या लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायच्या. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. बडगीत गराचे धागे राहतात. मग पातीचा कांदा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून फोडणी. ही पार्टी कोणाच्या शेतात आहे ते कळायला ओळख लागते. ओळख नसेल तर पानटपरीवर विचारावं, बोलावतात.

राहिले मांडे. माझ्या मते या भागातलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि त्याला दुकान नाही, पाटी नाही. आखाजीला, लग्नात, जावई येणार असला की गावात मांडे करणाऱ्या ठरावीक बायांकडे निरोप जातो. कापडातून चाळलेली कणीक इतकी तिंबतात की ताणली तरी तुटू नये. दोन पुऱ्यांच्या मध्ये पुरणाचा गोळा, कडा दाबून बंद. मग लाटणं नाही. ती पोळी बाई दोन्ही हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर फिरवत नेते, आणि ती स्वतःच्याच वजनाने मोठी होत होत कोपरापर्यंत लोंबू लागते. पुरण कुठेही गोळा होत नाही. ऐन वेळी ती चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकतात; खापर म्हणजे कुंभाराने घडवलेलं मातीचं भांडं, उलटं तापवलेलं. क्षणात फुगे येतात. उलटायची ती हाताने. मी हात लावून बघायला गेलो तेव्हा मांडे करणाऱ्या काकूंनी माझं मनगट धरून बाजूला केलं आणि आपलं काम चालू ठेवलं. मांड्याबरोबर डाळीच्या पाण्याची झणझणीत रशी, तूप, आणि उन्हाळा असेल तर आमरस.

पुण्यात भीमथडी जत्रेत मांड्यांच्या स्टॉलपुढे लोक व्हिडिओ काढत उभे असतात. इथे व्हिडिओ काढायला कोणी नसतं, पण मांडे खायचे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. डाळ भिजवायची असते, सरपण बघायचं असतं, आणि हाताखाली दुसरी बाई मोकळी आहे का ते विचारायचं असतं. निरोप देताना माणसं किती ते सांगा. पैशांचं त्या बाया स्वतः काढणार नाहीत, तेव्हा तुम्हीच आधी काढा.